गाडी पेट्रोल पिऊन राहिली

३ ऑक्टोबर १९८७

यायच्या, म्हणजे आमच्या अरुणच्या बाबांच्या, ऑफिसात कोणीतरी दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडून होती. जागा अडवून राहिली म्हणून बाहेर काढली, आणि आता काढलीच तर लिहिते. रोज नाही लिहिणार. मले काय दुसरं काम नाही?

काल दसरा झाला. घरातलं होतं नव्हतं ते लोखंड पुजलं. विळी, शिवणाची मशीन, अरुणचा कंपास, आणि मोटरसायकल. मोटरसायकल या घरात माझ्या आधी आली. हे स्टील प्लँटच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, पहिल्यांदा गाडी घेतली आणि मग मुलगी पाहायले आर्वीले आले. तेही रेल्वेनं नाही, भिलाईपासून हिच्यावरच बसून. माझ्या आईनं आधी धूळ पाहिली, मग त्याच्यात जावई शोधला. म्हणून मी गाडीले थोरली म्हणते. "थोरलीची पूजा झाली, आता धाकटीले सोनं द्या," असं म्हटलं की हे असे खूश होतात की विचारू नका.

भिलाईची धूळ लाल. दुपारी खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळी चादरीवर नाव लिहून घ्या. म्हणून माझ्या घरात तोटीले फडकं, माठाले फडकं, रेडिओले फडकं. शेजारणी हसतात. हसोत बापा, त्यांच्या डाळीत माती जाते, माझ्या नाही. मागच्या महिन्यात रुआबांध्याच्या फकिरा मिस्त्रीकडं गाडी सर्व्हिसिंगले नेली तेव्हा मी सोबत होती. त्यानं बाजूचं झाकण काढून आतली जाळी फरशीवर आपटली, तर हा एवढा लाल मातीचा ढीग. म्हणे, "वहिनी, गाडी इथून सास घेते." ऐकून मलेच कोंडल्यासारखं झालं. काल पूजेच्या आधी मी ते झाकण उघडलं आणि माझ्या हिरव्या बुट्ट्यांच्या जुन्या पातळाचा तुकडा दुहेरी करून, कड शिवून, जाळीच्या तोंडावर ताणून बांधला. तोटीले बांधते तसाच. तोटीवरही त्याच पातळाचा आहे. यायले नाही सांगितलं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, पद्मा, आता तिले परकरबी शिव.

१५ ऑक्टोबर

थोरली सकाळी एका किकमध्ये लागून राहिली. आधी थंड असली की चोक ओढावा लागे. चोक म्हणजे इंजिनाची हवा अडवायची खिट्टी. हवा अडवली की ती पेट्रोल जास्त ओढते आणि लवकर पेटते, असं हे सांगतात. आता चोकले हात लावायचं काम नाही. मले मनातून भारी बरं वाटलं. सेवा केली की लोखंडही गुण देते.

हे मात्र म्हणतात, चढावर दम धरत नाही, घुसमटल्यासारखी करते. मी म्हटलं, वय झालं असन. कोणाचं, ते नाही सांगितलं.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. चकल्या जमल्या, अनारसे विरघळले. त्याहून वाईट म्हणजे वऱ्हांड्याची भिंत. मी स्वतः चुना मारला होता, आणि गाडी उभी राहते तिथं धुराचा हा एवढा काळा डाग. घासला तर आणखी पसरला.

पेट्रोल पाण्यासारखं जाऊन राहिलं. आठवड्यातून एकदा पंपावर जात होते, आता अर्ध्या आठवड्यातच टाकी खाली. मी विचारलं तर म्हणाले, "गाडी रिच चालून राहिली."

"म्हणजे काय?"

"हवा कमी, पेट्रोल जास्त. पूर्ण जळत नाही, म्हणून काळा धूर. कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी अडकलं असन."

चांगली धुतली-पुसलेली गाडी. तिच्यात काय अडकन?

१ नोव्हेंबर

आज फकिराकडं घेऊन गेले. जायच्या आधी मी गाडी पुसून दिली आणि झाकणातलं फडकं काढून घेतलं. काय मळलं होतं! बाहेरून लाल, आतून काळं. चार माणसांसमोर ते निघालं असतं तर लोक म्हणाले असते, घरात बाई आहे का नाही? घरी पाहुणा यायचा असला की आपण उशीची खोळ बदलतो, तसंच आहे हे.

दुपारी परत आले. फकिरानं कार्ब्युरेटर खोलला, धुतला, गाडी फिरवून आणली. म्हणे एकदम ओके, काही नाही हिले. कालपर्यंत जी खोकत होती ती आज पाखरासारखी आली, असं हेही म्हणाले. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं. संध्याकाळी फडकं धुऊन, खळ घालून, वाळवून पुन्हा बांधून टाकलं. खळ घातली की कापडातून बारीक धूळही जात नाही.

१२ नोव्हेंबर

पुन्हा तेच. धूर, डाग, पेट्रोलचा वास. कपड्यांनाही वास. अरुण म्हणतो बाबांच्या शर्टाजवळ गेलं की डोकं दुखते. यायचा चेहरा असा झाला जसं घरात कोणी आजारी आहे. जेवताना जेवत नाहीत, बोटानं ताटात कार्ब्युरेटर काढतात. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "फकिरानं ओके म्हटलं न? आता आणखी एका मिस्त्रीच्या दारात गेले तर घरात घेणार नाही. रविवार एक भेटतो, तोबी गॅरेजात."

"बरं," म्हणाले. एवढ्या लवकर 'बरं' म्हणणारा माणूस नाही हा.

आणि आजकाल उशिराही येतात. ऑडिट आहे म्हणे.

२२ नोव्हेंबर

मी शिकली. फकिराची बायको माझ्याकडं ब्लाउज शिवायले टाकते, ते द्यायच्या निमित्तानं दुकानात गेली आणि विचारून आली. इंजिनात ठिणगी टाकते तो प्लग. फकिरा म्हणे, "वहिनी, डॉक्टर जीभ पाहते न, तसा प्लग पाहायचा. चहाच्या रंगाचा निघाला तर गाडी तंदुरुस्त. काजळी धरली तर रिच. माणूस खोटं बोलन, प्लग नाही बोलत."

"आणि मिस्त्रीच्या हातात चांगली अन् मालकाच्या हातात रिच, असं होते काय?"

तो हसला. "होते न. साहेब चोक ओढून चालवत असतीन. ध्यान दुसरीकडं असलं की लोक चोक बंद करायले भूलतात."

ध्यान दुसरीकडं. तो सहज बोलला, पण मी घरी येईपर्यंत तेच घोळत राहिलं.

आज जेवून हे झोपले तेव्हा पाना घेऊन प्लग काढला. काळा. बोट लावलं तर बोट काळं. गाडी तीच, पेट्रोल तेच, फकिराच्या हातात पाखरू आणि यायच्या हातात खोकते. मग खराब काय आहे, गाडी का माणूस?

एक गोष्ट लिहून टाकते, कारण कोणाजवळ बोलता येत नाही. गाडी खरंच बिघडलेली असन तर माझं घर ठीक आहे. गाडी ठीक असन, तर एवढं पेट्रोल कुठंतरी जाते, आणि मले सांगण्यासारखं नाही अशा ठिकाणी जाते. देवा, गाडी बिघडलेली निघू दे.

२९ नोव्हेंबर

हे अरुणले घेऊन मैत्रीबागेत गेले, बसनं. मीच धाडलं. जाता जाता मले म्हणाले, तूबी चाल. मी म्हटलं डोकं दुखते. ते वळले तशी मी फकिराले बोलावलं. तो येईपर्यंत बसवेना. हात चालू असले की बरं वाटते म्हणून वऱ्हांडा झाडला, गाडी धुतली, झाकणातलं फडकं काढून साबणात टाकलं, कपबशा मांडल्या.

त्यानं नवा प्लग लावला. कार्ब्युरेटरच्या आत एक तरंगती डबी असते आणि तिची सुई असते, ती अडकली की पेट्रोल वाहत राहते. ती सुई त्यानं काढली, उजेडात धरली, चाटून पाहिली. चोकची तार ओढून सोडून पाहिली. मग गाडी घेऊन गेला आणि लांब फिरून आला. मी फाटकात उभी. मनात म्हणत होती, काळा निघ, काळा निघ.

त्यानं प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. गरम होता, पदरात धरला. चहाचा रंग. दूध थोडं कमी पडलेल्या चहाचा असतो तसा.

"वहिनी, गाडीत काहीच नाही. काही असतं तर मले भेटलं असतं."

चहा न घेता गेला, मी दिलाच नाही. कपबशा तशाच राहिल्या.

हे परत आले तोवर फडकं वाळवून पुन्हा बांधलं होतं आणि मी वरून गाडी पुसून राहिली होती. हे म्हणाले, "किती करशील तिचं."

३ डिसेंबर

दुर्गले लोकर आणायले गेली होती. अरुणचा स्वेटर अर्धा राहिला आहे. परतताना रिक्षा मोहन नगरातून निघाली. एका घराच्या अंगणात थोरली उभी.

आपली गाडी हजारात ओळखू येते. मी रिक्षा पुढच्या वळणावर थांबवली. ऑडिट होतं आज. सकाळीच सांगितलं होतं, पद्मा, ऑडिट आहे, उशीर होईन. थोड्या वेळानं घरातून हे निघाले, हातात चहाचा कप. दारात एक बाई. बत्तीस-तेहतीसची असन, चष्मा, निळा स्वेटर. ती काहीतरी बोलली आणि हे हसले. घरी दोन महिने झाले, यायले असं हसताना मी पाहिलं नाही.

रिक्षावाला म्हणे, "बाई, उतरना है क्या?" मी म्हटलं, नाही, चालव.

हे घरी आले तेव्हा हात काळे होते. मी विचारलं. म्हणाले, चेन उतरली होती.

लोकर रिक्षातच राहिली.

४ डिसेंबर

आज विचारलं. अरुणले शेजारी पाठवलं, दार लावलं आणि विचारलं.

"मोहन नगरात कोण राहते?"

यायच्या हातातला पेपर खाली आला. मग म्हणाले, "शामराव काका राहतात. प्लँटमधून रिटायर झाले. इंजिनाचं त्यायले फार समजते. गाडी दाखवायले जातो."

"मग ऑडिट कावून सांगितलं?"

"तू म्हटलं होतं, आणखी एका मिस्त्रीच्या दारात गेले तर घरात घेणार नाही."

"चेन उतरली, हे?"

"तेच."

"आणि ती बाई?"

"कोणती बाई?"

इथंच मी समजली. दारात उभं राहून चहा देणारी बाई दिसत नाही असा आंधळा माणूस नाही हा. मग म्हणाले, "हं, गीता असन. त्यायची मुलगी. शाळेत शिकवते." आठवल्यासारखं केलं.

मी म्हटलं, "गाडीत काहीच नाही. फकिरानं घरी येऊन पाहिली, मी बोलावला होता. प्लग चहाच्या रंगाचा निघाला. तुम्ही चालवता तेव्हाच काळा होते. आता सांगा."

यायचं तोंड उतरलं. "तू माझ्या मागं मिस्त्री बोलावला?"

"अरुणच्या डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा की गाडी खराब आहे."

"पागल झाली काय, पद्मा? लेकराच्या डोक्यावर हात ठेवून गाडीची शपथ घेऊ?"

"खरं आहे तर घ्या न."

नाही घेतली. चप्पल घातली आणि पायीच कुठंतरी गेले. जो खरा असते तो शपथेले भीत नाही. मी रडली, भांडी घासली, पुन्हा रडली.

२० डिसेंबर

पंधरवडा झाला, अरुणच्या मार्फत बोलणं चालू आहे. बाबांना म्हण जेवण झालं. आईले म्हण भूक नाही. त्या लेकराची शाळेत नसन एवढी मेहनत घरी होऊन राहिली.

रविवारची गाडी मात्र पुसली. फडकं धुतलं, खळ घातली, बांधलं. भांडण माणसाशी आहे, तिनं माझं काय बिघडवलं? पुसता पुसता तिच्याशीच बोलली. म्हटलं, तुले तर सगळं माहीत आहे, हे कुठं कुठं नेतात तुले, सांग न. शेजारीण कुंपणावरून पाहत होती. पाहो.

२६ डिसेंबर

हे आज बसनं आले. चावीचा खिळा रिकामा.

"गाडी विकली," म्हणाले. मलेच म्हणाले, अरुणले मधात न घेता. "आता पेट्रोलचा हिशोब नाही, उशीर नाही, काळा डाग नाही. संपलं."

"कोणाले विकली?"

"शामराव काकांना."

म्हणजे मोहन नगरात. त्या अंगणात. त्या बाईच्या दारात थोरली आता रोज उभी राहणार. यायच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणासाठी होतं, देव जाणे. माझ्यासाठी असतं तर मले विचारून विकली असती. सांगितलं असतं तर निदान पुसून तरी दिली असती. तशीच मळकी गेली, माझ्या हाताखालून न जाता. असं आजपर्यंत कधी झालं नाही.

३० डिसेंबर

पोस्टात जाऊन आर्वीले दयारामले ट्रंककॉल लावला. धाकटा भाऊ, पण समजदार आहे. म्हटलं, संक्रांत झाली की ये आणि मले अन् अरुणले घेऊन जा. "जिजाजी काही बोलले काय?" म्हणे. मी म्हटलं, आल्यावर सांगीन. अरुणच्या शाळेचं पाहावं लागन. आर्वीच्या शाळेत मराठी आहे, त्याले मराठी लिहिता येत नाही. कुठून सुरुवात करावी काही सुचत नाही.

६ जानेवारी १९८८

हे सायकलनं जातात. जुनी सायकल मागच्या खोलीतून काढली, ट्यूब बदलली. थंडीत जातात, थंडीत येतात, अंधार पडतो. उशीर आताही होते. आता कशाचा? मी घड्याळ पाहत नाही म्हणते आणि पाहते.

अरुण म्हणाला, "आई, थोरली कधी येणार?" मी त्याच्यावर ओरडली.

१७ जानेवारी

दयाराम परवा येणार. माझी ट्रंक भरून झाली. पलंगाखाली सरकवून ठेवली, पण यायनं पाहिली असन.

आज दुपारी आवाज आला. लेकराचं रडणं आईले ओळखू येते तसा तो आवाज मले येतो, पण आज त्याच्यात खोकला नव्हता. खिडकीतून पाहिलं, थोरली. चालवत होते पांढऱ्या केसांचे एक काका, मागं निळा स्वेटर. तीच.

हे वऱ्हांड्यात सायकलीले तेल देत होते. उभे राहिले. आधी गाडीकडं पाहिलं, मग माणसांकडं. "या काका. ये गं गीता. पद्मा, हे शामराव काका." माझ्या तोंडून "बसा" निघालं. कसं निघालं माहीत नाही. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी घेतला, मुठीत धरून ठेवला, खाल्ला नाही.

काका बसायच्या आधीच बोलायले लागले. "विष्णु, सापडलं रे! किती वेळा कार्ब्युरेटर खोलला आपण. सुई पाहिली, जेट पाहिला, सगळं पाहिलं. आणि जे पहिल्यांदा पाहायचं तेच नाही पाहिलं. मी म्हणत होतो न, हवेची जाळी उघडू?" मग माझ्याकडं वळले. "हा काय म्हणे, सांगू वहिनी? म्हणे, काका, तिकडं वेळ नका घालवू. ती बाजू माझी बायको पाहते. तिच्या हाताखाली धूळ राहूच शकत नाही. दर वेळी हेच. मीही मानलं. परवा सर्व्हिसिंगले घेतली म्हणून झाकण उघडलं, तर जाळीच्या तोंडावर दुहेरी कापड बांधलेलं. खळ घातलेलं! हवा येईन कुठून? बिचारी चोवीस तास चोक ओढल्यासारखी चालत होती. काढलं, किक मारली, आणि तेव्हापासून पाहा तुम्ही."

गीतानं पर्समधून एक घडी काढली. "बाबा म्हणत होते, कोण्या मिस्त्रीचं काम असन. मी म्हटलं, नाही, हे घरच्या बाईच्या हातचं आहे. मिस्त्री कशाले कड शिवन?" घडी माझ्या पुढं धरली. हिरव्या बुट्ट्या. धुऊन इस्त्री केलेलं.

मी हात पुढं केला तर मुठीत तिळगूळ. दुसरा हात पुढं केला.

फकिरा आला तेव्हा मी काढलं. ते गॅरेजात नेत होते तेव्हा मी काढलं. सगळं एकदम आठवलं, एकामागं एक. ज्या दिवशी फाटकात उभी राहून काळा निघ म्हणत होती, त्या दिवशी मीच ते साबणात भिजत टाकलं होतं.

यायनं माझ्या हातातल्या कापडाकडं पाहिलं आणि आत गेले. स्वयंपाकघरात तोटी सोडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. मी मनात म्हटलं, आता येतीन आणि सगळ्यांसमोर विचारतीन, आणि मले सांगता येणार नाही. आले ते दोन ग्लास पाणी घेऊन. एक काकांना दिला, एक गीताले दिला. मग म्हणाले, "भिलाईची धूळ लई वाईट, काका. गाडीच्या पोटात जाऊ नये म्हणून बांधलं असन तिनं."

बस. एवढंच.

काकांनी खिशातून चावी काढली. "घे बापा, तुझी आहे ही. मले म्हाताऱ्याले काय करायची."

यायनं चावी हातात घेतली. अंगठ्यानं पुसली आणि परत दिली. "राहू द्या काका. तुमच्याकडं चांगली चालून राहिली."

ते गेले. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, हे तेवढा वेळ फाटकातच. मी मागं जाऊन उभी राहिली. म्हटलं, "विचारा न मले."

"काय विचारू?"

"कावून बांधलं, सांगितलं कावून नाही, मुद्दाम केलं का? काहीतरी विचारा. मी अरुणच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

"पागल झाली काय," म्हणाले. रागानं नाही. "मी तोटी पाहिली न."

१९ जानेवारी

दयाराम सकाळच्या गाडीनं आला. पाय धुतले नाही तोच म्हणे, "ताई, सामान कुठं आहे? झालं काय ते तर सांग."

हे समोर ताटावर बसले होते. मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "काही नाही रे. तिळगुळाले बोलावलं तिनं तुले. बस, जेव."

मी म्हटलं, "नाही." आणि सगळं सांगितलं. फडकं, प्लग, मोहन नगर, शपथ, ट्रंक. यायच्यावर काय आळ घेतला तेही सांगितलं, त्याच शब्दांत, धाकट्या भावासमोर. दयाराम माझ्याकडं पाहे, मग जिजाजीकडं पाहे. हे खाली ताटात पाहत राहिले. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "भाजी वाढ त्याले. पोरगं उपाशी आहे."

दोन दिवस राहून तो एकटाच जाईन. ट्रंक रिकामी केली.

आज कामावर जायच्या वेळी मी सायकल पुसून फाटकाशी आणून ठेवली. हे पँटीच्या पायाले क्लिप लावत होते तेव्हा रस्त्यानं कोणाचीतरी मोटरसायकल गेली. हात थांबला, मान वळली. पार दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहिले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे. हवा-पेट्रोल बरोबर आहे," म्हणाले, आणि टांग मारून गेले.